वीज-गुणवत्ता मापन

एसी पुरवठ्याचा दाब, वारंवारता आणि तरंगाचा आकार योग्य मर्यादेत आहे का, हे तपासण्याचे तंत्र. भारतात घरगुती जोडणीला २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ हे प्रमाण आहे. वारंवारता साऱ्या ग्रिडची एकच असते, त्यामुळे ग्राहकाला तिची काळजी क्वचितच पडते. खरा घोळ तरंगाच्या आकारात होतो.

एलईडी दिवे, संगणक, मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी ही उपकरणे प्रवाह झटक्याझटक्याने ओढतात. अशा प्रवाहात १५०, २५०, ३५० हर्ट्‌झचे हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्‌झच्या पटीतले तरंग, मिसळलेले असतात. साधा टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर) इथे फसतो. तो सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो आणि हा गुणक फक्त साइन तरंगालाच लागू पडतो. टोकदार प्रवाहाचे वाचन ४० टक्क्यांपर्यंत कमी येऊ शकते. म्हणून कोणत्याही आकाराच्या तरंगाचे खरे परिणामी मूल्य (आरएमएस) मोजणारा ट्रू आरएमएस मीटरच हवा. तीन फेजांतले १५० हर्ट्‌झचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. फेजपेक्षा न्यूट्रल जास्त तापते ते यामुळेच, आणि ही आगीला आमंत्रण देणारी गोष्ट आहे.

पॉवर फॅक्टर (ओढलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारायला नुसते कपॅसिटर जोडणे हा सर्रास दिसणारा उपाय अपुरा आहे. हार्मोनिकमुळे घटलेला पॉवर फॅक्टर कपॅसिटरने सुधारत नाही. उलट ट्रान्सफॉर्मरशी अनुनाद (ठरावीक वारंवारतेला प्रवाह खूप वाढणे) होऊन हार्मोनिक वाढतात आणि कपॅसिटर फुटतात. त्यावर उपाय म्हणून कपॅसिटरशी मालिकेत, ५० हर्ट्‌झला त्याच्या विरोधाच्या ७ टक्के विरोध करणारे वेटोळे, म्हणजे ७ टक्क्यांचा रिअॅक्टर बसवतात. त्याने अनुनाद १८९ हर्ट्‌झवर, म्हणजे पाचव्या (२५० हर्ट्‌झच्या) हार्मोनिकच्या खाली येतो.

बडोद्यात हा विषय जवळचा आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्यातूनच पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. विद्युत उपकरणांची चाचणी करणारी इर्डा ही १९७४ ची संस्था मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आहे, आणि आसपास ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतला एडी तोटा (भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या प्रवाहांत वाया जाणारी ऊर्जा) हार्मोनिकच्या वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा क्षमतेपेक्षा कमी भारावरही तो तापू शकतो.

दाब क्षणभर निम्म्याच्या आसपास घसरला तरी काँटॅक्टर (यंत्राचा पुरवठा जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) सुटू शकतो आणि यंत्र थांबते. एकदा मीटर लावून हे सापडत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अ वर्गाचा (सर्वांत अचूक) वीज-गुणवत्ता विश्लेषक दहा-दहा सायकलींच्या, म्हणजे ०.२ सेकंदांच्या खिडक्यांत मोजतो. तो निदान आठवडाभर लावून ठेवावा. शक्यतो दोन विश्लेषक लावावेत: एक पुरवठ्याच्या टोकाला, एक यंत्रापाशी. दोन्हींच्या वेळा जुळवून पाहिल्यावरच दोष बाहेरून येतो की कारखान्यातच जन्मतो, हे ठरवता येते.