स्टेडियमलगतच्या वस्तीसाठी सुधारणा निधी : साताऱ्यात अर्ज कोणाकडे व कसा करावा

साताऱ्याच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळील छत्रपती शाहू क्रीडा संकुलाच्या परिसरातील रहिवाशांनी तुंबलेली गटारे, अपुरे पथदिवे किंवा खचलेला पदपथ यांसाठी निधी मागताना आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रीडा विभागाचे अनुदान संकुलाच्या आतील कामांसाठी असते आणि कुंपणाबाहेरचा रस्ता सामान्यतः नगरपरिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो. त्यामुळे क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर दिलेला अर्ज बहुधा तेथेच पडून राहतो.

निधी नागरिकांच्या हाती कधीच येत नाही. नागरिक काम सुचवतात आणि ते यंत्रणेमार्फत होते. म्हणून कोणताही रहिवासी, नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था किंवा मंडळ अर्ज करू शकते. मात्र जागा सार्वजनिक मालकीची हवी. सोसायटीचा अंतर्गत रस्ता नगरपरिषदेकडे रीतसर हस्तांतरित झालेला नसेल, तर प्रस्ताव छाननीतच गळतो.

पैशाच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. आमदार स्थानिक विकास कार्यक्रम आणि खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना, या दोन्हींत वर्षाला प्रत्येकी 5 कोटी रुपये असतात. तेथे लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र लागते आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीमार्फत येणाऱ्या नगरोत्थान महाअभियानाची असून तीत नगरपरिषदेला स्वतःचा हिस्साही घालावा लागतो. वस्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजाची असल्यास लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना हा तिसरा मार्ग आहे. गटार-दिव्यांसारख्या लहान कामाला आमदार निधी सोयीचा, तर सलग रस्ता व पावसाळी पाण्याचा निचरा यांना नगरोत्थानच योग्य, असे आमचे मत आहे.

अर्जाचा खरा जीव कामाच्या नावात असतो. ‘स्टेडियम परिसर सुशोभित करावा’ या मागणीचे अंदाजपत्रक कोणताही अभियंता करू शकत नाही. उलट ‘प्रभाग क्रमांक अमुक, संकुलाच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंत रस्त्याच्या डाव्या बाजूस बंदिस्त आरसीसी गटार करणे’ असे लिहिल्यास त्यातून लांबी, जागा आणि कामाचा प्रकार लगेच निघतो.

अर्जासोबत रहिवाशांच्या सह्या, जागेची छायाचित्रे आणि नगर भूमापन कार्यालयातून काढलेली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) व नकाशाची प्रत जोडावी. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून कोणाचे नाव आहे ते स्वतः वाचावे, कारण ना-हरकत कोणाची आणायची हे त्यावरूनच ठरते. पुढचे कागद, म्हणजे दरसूचीनुसार (कामांच्या सरकारी दरांच्या यादीनुसार) अंदाजपत्रक, सभेचा ठराव, हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेले नसल्याचा दाखला आणि देखभालीची हमी, नगरपरिषदेने तयार करायचे असतात. ते नागरिकांकडून मागितले गेल्यास ती मागणी लेखी देण्यास सांगावे.

अर्ज नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्यावा, आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी आणि त्याच पोहोचेची प्रत लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात द्यावी. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (कामाला व खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी), निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे येतात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि मार्चअखेरच्या धांदलीत नवे प्रस्ताव मागे पडतात, शिवाय आचारसंहिता लागली की नवी कामे थांबतात. म्हणून दिवाळीपूर्वीच अर्ज दिलेला बरा.

काम सुरू झाल्यावर जागेवर रक्कम व ठेकेदाराचे नाव दाखवणारा फलक लागला आहे का ते पाहावे. शंका आल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीतील) नोंदी आणि दोषदायित्व कालावधीची (काम झाल्यावर दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असण्याच्या मुदतीची) अट यांच्या प्रती मागता येतात. या कालावधीत गटाराचे झाकण फुटले, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि त्यासाठी नव्या निधीचा अर्ज करण्याचे कारण नसते.