डेंटल असिस्टंट : अमेरिकेतील प्रशिक्षण आणि पात्रता

दंतवैद्य रुग्णाच्या तोंडात काम करत असताना खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याच्या हाती हत्यारे देणारा, लाळ आणि पाणी ओढून घेणारा, सिमेंट किंवा मापाचे साहित्य कालवून देणारा आणि रुग्ण उठून गेल्यावर ती जागा पुढच्या रुग्णासाठी निर्धोक करून ठेवणारा कर्मचारी म्हणजे डेंटल असिस्टंट किंवा दंतसाहाय्यक. दातांवरचे कीटण काढणारा डेंटल हायजिनिस्ट आणि प्रयोगशाळेत कॅप व कवळ्या तयार करणारा तंत्रज्ञ यांच्याहून हा व्यवसाय वेगळा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हायजिनिस्टला प्रत्येक राज्यात परवाना लागतो. असिस्टंटसाठी मात्र देशभर लागू असा एकच परवाना नाही. शिक्षण किती हवे, परीक्षा कोणती द्यायची आणि दंतवैद्याने कोणती कामे सोपवावीत, हे त्या त्या राज्याचा दंतव्यवसाय कायदा ठरवतो. म्हणून एखादा असिस्टंट कितपत पात्र आहे हे सांगताना तो कोणत्या राज्यात काम करतो, हे आधी पाहावे लागते.

या व्यवसायाची सुरुवात साधारणपणे न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांच्यापासून धरली जाते. १८८५ मध्ये त्यांनी दवाखान्यात मदतीसाठी स्त्री नेमली. घरच्या पुरुषाला सोबत घेतल्याशिवाय स्त्रियांनी दंतवैद्याकडे जाणे त्या काळी प्रशस्त मानले जात नसे. दवाखान्यात स्त्री हजर असते अशी पाटी दिसू लागल्यावर स्त्री रुग्ण एकट्या येऊ लागल्या. म्हणजे ही नेमणूक वैद्यकीय गरजेइतकीच व्यवहारचातुर्याची होती. याच केल्स यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांतच, १८९६ मध्ये, दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. यंत्र जुळवताना ते स्वतःचा हात किरणांसमोर धरत. त्याची किंमत त्यांनी आधी बोटे आणि मग हात गमावून मोजली आणि १९२८ मध्ये त्यांचा अंत झाला. असिस्टंटच्या आजच्या प्रमाणपत्र परीक्षेत किरणोत्सर्ग-सुरक्षा हा स्वतंत्र विषय का आहे, हे समजायला एवढा इतिहास पुरेसा आहे.

न्यूयॉर्कमध्ये असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या जुलिएट साउथर्ड यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये अमेरिकन डेंटल असिस्टंट्स असोसिएशन ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दवाखान्यातल्या नोकरीला व्यवसायाचा दर्जा मिळायचा तर शिक्षणाचे मोजमाप हवे, ही त्यांची भूमिका होती. संघटनेने १९४८ मध्ये प्रमाणपत्र मंडळ स्थापन केले; डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड ही आजची स्वतंत्र संस्था त्याच मंडळातून घडली.

तरीही असिस्टंटला खरे महत्त्व आले ते दंतवैद्य बसून काम करू लागल्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दंतवैद्य उभा राहून, वाकून काम करी आणि असिस्टंट मागेपुढे वावरत असे. आडवी होणारी खुर्ची, वेगाने फिरणारे आणि पाण्याचा फवारा सोडणारे ड्रिल आणि ते पाणी तत्काळ ओढणारी मोठी सक्शन नळी आल्यावर ‘चार हातांचे दंतकाम’ ही पद्धत रूढ झाली. १९६० च्या दशकात संघराज्य सरकारने दंतमहाविद्यालयांना अनुदान देऊन असिस्टंटसोबत काम करण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना मिळेल अशी सोय केली. या पद्धतीत रुग्णाचा चेहरा घड्याळाची तबकडी मानतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या दंतवैद्याची जागा सात ते बाराच्या दरम्यान, असिस्टंटची दोन ते चारच्या दरम्यान, आणि हत्यारांची देवाणघेवाण चार ते सातच्या पट्ट्यात, म्हणजे रुग्णाच्या हनुवटीखाली, त्याच्या डोळ्यांआड होते. असिस्टंटचे स्टूल दंतवैद्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच ठेवतात, कारण त्याला दंतवैद्याच्या हातांवरून तोंडात पाहायचे असते. उजव्या हातात सक्शन आणि डाव्या हातात हवा-पाण्याची सिरिंज धरून, दंतवैद्याने नजर न हटवता बोटे उघडताच पुढचे हत्यार योग्य दिशेने त्याच्या पकडीत ठेवणे, हे या कामातले मूळ कौशल्य होय. ते पुस्तकातून येत नाही. म्हणूनच प्रशिक्षणाचा मोठा भाग खुर्चीजवळ जातो.

व्यवसायात येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला शाळेचा. कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशन या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांनुसार अभ्यासक्रम किमान ९०० तासांचा असावा लागतो आणि त्यांपैकी किमान ३०० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढावे लागतात. सामुदायिक महाविद्यालयांत आणि तंत्रशाळांत हा अभ्यासक्रम साधारण नऊ ते अकरा महिन्यांत पूर्ण होतो. सर्वसाधारण शिक्षणाचे विषय जोडून दोन वर्षांची सहयोगी पदवीही घेता येते. दुसरा मार्ग नोकरीतून शिकण्याचा. शालान्त शिक्षण झालेल्या उमेदवाराला दंतवैद्य कामावर घेतो आणि हाताखाली तयार करतो. अनेक राज्यांत प्राथमिक कामांसाठी यापलीकडे काहीही लागत नाही. याशिवाय काही आठवड्यांचे खाजगी वर्गही निघाले आहेत. त्यांतून नोकरीची दारे उघडतात खरी, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची बरोबरी त्यांनी होत नाही, आणि फी भरण्यापूर्वी हा फरक उमेदवाराला माहीत असणे आवश्यक आहे.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात डोके व मान यांची शरीररचना, दातांची रचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधे आणि दवाखान्यातील आणीबाणी हे विषय येतात. पण विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ साहित्य हाताळण्यात जातो. मापासाठी वापरायचे अल्जिनेट पाण्यात कालवल्यावर काही मिनिटांतच घट्ट होते. पाणी गार असेल तर थोडा अवधी जास्त मिळतो, कोमट असेल तर ट्रे तोंडात जाण्याआधीच मिश्रण आवळते. घेतलेले माप उघड्यावर ठेवले तर सुकून आकसते आणि त्यावर ओतलेला प्लास्टरचा साचा चुकतो. दातावर रबर डॅम (उपचाराचा दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पातळ पडदा) चढवणे, दाढ भरताना तिच्याभोवती धातूची पट्टी आवळणे, तात्पुरती कॅप घडवणे, दंतवैद्य सांगेल तशी प्रत्येक दाताची नोंद तक्त्यावर उतरवणे, ही कामे पुन्हापुन्हा करून घेतली जातात. घाबरलेल्या रुग्णाशी, विशेषतः लहान मुलांशी, कसे बोलावे हेही अभ्यासक्रमात असते.

संसर्गनियंत्रणाला मिळालेले आजचे स्थान मात्र बरेच अलीकडचे आहे. फ्लॉरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णांना एचआयव्हीची लागण झाल्याची शक्यता १९९० मध्ये जाहीर झाली आणि देशभर खळबळ उडाली. १९९१ मध्ये रक्तातून पसरणाऱ्या जंतूंसंबंधीचे संघराज्य पातळीवरील कामगार-सुरक्षा नियम आले. त्यांनुसार रक्ताशी संपर्क येऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याला काम सुरू झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत हेपॅटायटिस-बीची लस विनामूल्य देऊ करणे आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे हे मालकावर बंधनकारक आहे. हत्यारे आधी अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा तत्सम रीतीने स्वच्छ करायची, वाळवून पाकिटात बंद करायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवायची, हा क्रम असिस्टंटच्या अंगवळणी पडावा लागतो. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे उष्णता पोहोचली, एवढेच सिद्ध होते. जंतू खरोखर मेले की नाहीत, हे पाहण्यासाठी चिवट बीजाणू असलेली चाचणी-पट्टी आठवड्यातून किमान एकदा यंत्रात घालावी, अशी रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. दंतवैद्याच्या हातून झालेली चूक रुग्णाला लवकर जाणवते, निर्जंतुकीकरणातली चूक कोणालाच दिसत नाही. त्यामुळे या विषयाला दिलेले वजन रास्त वाटते.

राष्ट्रीय मंडळाच्या सर्टिफाइड डेंटल असिस्टंट या प्रमाणपत्राचे तीन भाग आहेत : किरणोत्सर्ग-सुरक्षा, संसर्गनियंत्रण आणि खुर्चीजवळील साहाय्य. तिन्ही परीक्षा संगणकावर होतात आणि स्वतंत्रपणे देता येतात, मात्र त्या पाच वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हाव्या लागतात. पहिल्या दोन परीक्षांना पूर्वअट नाही. तिसऱ्या परीक्षेला बसण्यासाठी एक तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा, किंवा शालान्त शिक्षणानंतर दोन ते चार वर्षांच्या काळात किमान ३,५०० तास काम केल्याचा दंतवैद्याचा दाखला असावा. हृदय बंद पडल्यास करायच्या प्राथमिक उपचारांचे, म्हणजे सीपीआरचे, चालू प्रमाणपत्रही लागते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर टिकत नाही. दरवर्षी बारा तासांचे पुढील शिक्षण दाखवून ते नवे करून घ्यावे लागते. ही अट निव्वळ औपचारिक म्हणता येत नाही. दातांचे एक्स-रे काढताना रुग्णाला शिशाचे अॅप्रन आणि गळपट्टा घालणे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने आधुनिक यंत्रांच्या संदर्भात ती प्रथा बंद करण्याची शिफारस केली. राज्यांचे नियम अशा शिफारशींमागून हळूहळू बदलतात, आणि दोन्हींचे भान असिस्टंटला ठेवावे लागते.

हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, पण अनेक राज्यांनी ते किंवा त्याचा एखादा भाग आपल्या नियमांत ओवून घेतला आहे. एक्स-रे काढण्यासाठी स्वतंत्र परीक्षा किंवा नोंदणी बऱ्याच ठिकाणी लागते. त्याचे मूळ १९८१ च्या संघराज्य कायद्यात आहे, ज्याने रुग्णांवर किरण सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी निकष ठरवण्यास राज्यांना उद्युक्त केले. मिनेसोटात परवानाधारक असिस्टंट असतात, नॉर्थ कॅरोलायनात पहिली व दुसरी अशा दोन श्रेणी आहेत, तर कॅलिफोर्नियात बिनपरवाना असिस्टंट, नोंदणीकृत असिस्टंट आणि विस्तारित कामांची मुभा असलेला असिस्टंट अशी उतरंड आहे. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो येथे विस्तारित कामांचा असिस्टंट दंतवैद्याने कोरून दिलेल्या दातात फिलिंग भरून त्याला आकारही देतो. हेच काम इतर अनेक राज्यांत बेकायदेशीर ठरेल. निदान करणे, उपचार ठरवणे आणि दात किंवा हिरडी कापणे मात्र असिस्टंटच्या हाती कुठेही नाही. राज्य बदलणाऱ्या असिस्टंटला या विविधतेचा जाच होतो, आणि अनुभव तोच असूनही कधी कधी कामाची श्रेणी खाली येते.

अमेरिकेत स्थलांतर केलेल्या भारतीय दंतवैद्यांच्या, आणि त्यांत मराठी भाषकही आलेच, वाटचालीत हा व्यवसाय वारंवार येतो. भारतातील बीडीएस पदवीवर तेथे सहसा थेट दंतव्यवसाय करता येत नाही. २०२० पासून सुरू झालेली एकात्मिक राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन अमेरिकी दंतमहाविद्यालयात पुन्हा दोन-तीन वर्षे शिकावे लागते, आणि प्रवेशासाठी स्पर्धा मोठी असते. या मधल्या काळात अनेक जण असिस्टंट म्हणून काम करतात, कारण त्यातून तेथील दवाखान्यांची रीत कळते आणि शिफारसपत्रेही मिळतात. अमेरिकेबाहेरील दंतपदवी असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मंडळाने प्रमाणपत्राचा वेगळा मार्गही ठेवला आहे. ज्याने स्वतः दाढा काढल्या आहेत त्याने दुसऱ्यासाठी सक्शन धरणे सोपे नसते, आणि सवयीही मोडाव्या लागतात : भारतात उजवीकडची वरची अक्कलदाढ दोन अंकी पद्धतीने १८ क्रमांकाची, तर अमेरिकी तक्त्यात तीच १ क्रमांकाची असते, आणि तेथे १८ म्हटले की खालच्या डावीकडील दुसरी दाढ समजतात.

भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी आखून दिली. खुर्चीजवळच्या असिस्टंटला त्यात स्थान नव्हते. डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट हा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपलब्ध असला, तरी महाराष्ट्रातील बहुतेक खाजगी दवाखान्यांत ही कामे दहावी-बारावी झालेली, डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेली मुले-मुलीच करतात. अमेरिकेतही असाच हाताखालचा अनुभव पात्रता म्हणून चालतो. फरक एवढाच, की तेथे त्या अनुभवाचे तास मोजले जातात आणि त्यापुढे परीक्षा असते.