स्वप्रतिरक्षित रोगांतील उत्प्रेरक प्रतिपिंडे

प्रतिपिंडाचे, म्हणजे अँटिबॉडीचे, नेहमीचे काम चिकटण्याचे. परका रेणू धरून ठेवायचा आणि त्याचा निकाल लावणे इतरांवर सोपवायचे. काही प्रतिपिंडे मात्र धरलेला रेणू स्वतःच तोडतात आणि एंझाइमाप्रमाणे शाबूत राहून पुढच्या रेणूकडे वळतात. ही उत्प्रेरक प्रतिपिंडे किंवा ॲबझाइमे. प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटते अशा रोगांत ती विशेष आढळतात.

१९८६ मध्ये रिचर्ड लर्नर आणि पीटर शुल्ट्झ यांच्या गटांनी ती प्रयोगशाळेत घडवली. माणसाच्या रक्तात ती आपोआप तयार होतात, हे १९८९ मध्ये सुधीर पॉल व सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांना सापडलेले प्रतिपिंड श्वासनलिका सैल करणारे व्हीआयपी हे पेप्टाइड तोडत होते. १९९२ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांना ल्युपसच्या (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर प्रतिकारयंत्रणा उलटते त्या रोगाच्या) रुग्णांत डीएनए तोडणारी प्रतिपिंडे मिळाली. पुढे हाशिमोटोच्या थायरॉईड विकारात थायरोग्लोब्युलिन हे थायरॉईड ग्रंथीतील प्रथिन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या मायलिन आवरणातील प्रथिन तोडणारी प्रतिपिंडेही सापडली.

या शोधांकडे सुरुवातीला संशयाने पाहिले गेले, आणि तो संशय रास्त होता. रक्तात डीएनए व प्रथिने तोडणारी एंझाइमे असतातच. नमुन्यात त्यांचा अंश राहिला तरी श्रेय चुकून प्रतिपिंडाला जाते. म्हणून प्रतिपिंडे आम्लधर्मी द्रावणात वेगळी करतात, म्हणजे चिकटलेले एंझाइम सुटून जाते. प्रतिपिंडाचा केवळ प्रतिजन (म्हणजे ते ज्याला चिकटते तो रेणू) धरणारा तुकडा घेतला तरी तोडण्याची क्रिया टिकते का, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलमध्ये ती नेमकी प्रतिपिंडाच्या पट्ट्यावरच दिसते का, हेही तपासतात. या कसोट्यांशिवाय केलेला दावा ग्राह्य धरू नये.

रोगाशी सर्वांत स्पष्ट धागा हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक विकारात, दिसतो, जरी तो स्वप्रतिरक्षित रोग नाही. उपचार म्हणून बाहेरून दिलेला घटक ८ (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) काही रुग्णांची प्रतिपिंडे तोडून टाकतात, असे १९९९ मध्ये आढळले. ल्युपस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र ही प्रतिपिंडे रोग घडवतात की रोगामुळे उपजतात, याचा निवाडा झालेला नाही. त्यांचा वेग सामान्य एंझाइमांपेक्षा पुष्कळ कमी असतो. पण प्रतिपिंडे रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतात, त्यामुळे हा मंद वेगही दुर्लक्षून चालत नाही.

ती नेहमी घातकच असतात असेही नाही. निरोगी मातांच्या दुधातही डीएनए तोडणारी प्रतिपिंडे असतात. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाण्याच्या, गंभीर रुग्णांच्या २००५ च्या अभ्यासात तर वाचलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडांची उत्प्रेरक क्रिया दगावलेल्यांपेक्षा जास्त आढळली.