गोव्यातील बायबलचिंतन

बायबलमधील वचन वाचून त्याच्या आधाराने घर, जमीन, लग्न, जात, पैसा यांविषयीचे आजचे प्रश्न पारखण्याची गोव्यातील कॅथलिक समाजाची रीत. मिस्सेतले (चर्चमधल्या मुख्य उपासनेतले) ‘शेरमांव’ म्हणजे प्रवचन हे तिचे जुने रूप. वाड्यावाड्यांवर भरणाऱ्या लहान ख्रिस्ती समुदायांच्या बैठका हे नवे.

या रीतीचे मूळ शोधताना मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. १५७९ साली गोव्यात आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स दक्षिण गोव्यातील साष्टीत राहिले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली राचोल (रायतूर) येथे छापले गेले. त्यात नवख्रिस्ती श्रोते शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतात. पुराण ऐकत आलेल्या माणसांना नवा धर्मग्रंथ त्यांच्याच श्रवणाच्या रीतीने सांगायचा, हा विचार त्या काळात फार मोठा होता. पुढे चक्र उलटे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांवर बंदी घातली, १७३६ च्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानाने लग्नातल्या, जेवणातल्या, पेहरावातल्या कितीतरी चालींना मनाई केली. शंका विचारणे धोक्याचे झाले. या दडपणाची नोंद न घेता गोव्यातील बायबलवाचनाचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

श्रद्धा कोणती आणि नुसती चाल कोणती, हा सिद्धान्ताचा प्रश्न मात्र या बंदीआधीच गोव्यात कडाडून वादला गेला. मदुराईचे पाद्री रॉबर्टो दे नोबिली ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवे व शेंडी ठेवू देत. त्यावर १६१९ साली गोव्यात धर्मसभा भरली. सभेत बहुतेकांचे मत त्यांच्याविरुद्ध गेले. तरी १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी, अंधश्रद्धेचा भाग वगळून, या चिन्हांना परवानगी दिली.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) चित्र पालटले. मिस्सा लॅटिन सोडून कोकणीत आली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात: एका वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्काचे, तिसऱ्या वर्षी लूकाचे. त्यामुळे पाद्रीला आपल्या सोयीचे वचन निवडता येत नाही. समोर आलेला उतारा गावाच्या प्रश्नाशी जोडून दाखवावा लागतो, आणि चांगल्या शेरमांवाची कसोटी हीच आहे.

वाड्यावरच्या बैठकीत बहुधा ‘सात पायऱ्यां’ची पद्धत वापरतात, ती दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेतून आली. प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेला शब्द पुन्हा उच्चारणे, मौन, अनुभवकथन, करायच्या कामाचा विचार आणि शेवटी प्रार्थना. अनुभव सांगताना कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही, असा नियम आहे. म्हातारी आजी, बोटीवर काम करून परतलेला तारवटी, शाळकरी मुलगी यांच्या बोलण्याला यामुळे सारखे वजन येते. सहावी पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे वचनातून प्रत्यक्ष काम निघावे लागते: आजाऱ्याला भेट, भांडलेल्या शेजाऱ्यांत समेट, गावच्या विहिरीची सफाई.

जात हा सर्वांत टोचणारा प्रश्न. गलतीकरांस पत्रात (३:२८) पौल सांगतो की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही. तरीही काही गावांत ‘कोंफ्रारी’ या धर्मबंधुसंघांचे सदस्यत्व आणि फेस्ताचे (चर्चच्या सणाचे) मान जातीवर ठरत आले आहेत. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या सभेला झापतो. गोव्यात हा उतारा वाचताना त्याचा अर्थ समजावून सांगायला लागू नये. ही केवळ जुनी चाल आहे हा बचाव इथे टिकत नाही. चाल वचनाविरुद्ध जाते तेव्हा चाल सोडावी लागते.

जमीन, खाण आणि पर्यावरण यांविषयी महाधर्मप्रांताची सामाजिक न्याय व शांती परिषद बोलत आली आहे. पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरील २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने त्या बोलण्याला बळ दिले. राजा अहाबाला वडिलोपार्जित मळा विकायला नकार देणाऱ्या नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) ज्याच्या दारात बिल्डर उभा आहे अशा कुटुंबाला आजही थेट लागू पडते.

सणांतही वचन रुजले आहे. २४ जूनच्या सांजांवात, म्हणजे संत योहानाच्या सणात, तरुण विहिरीत उड्या घेतात. आई अलिशिबेच्या उदरात बाळ योहानाने मारलेल्या उडीशी (लूक १:४१) त्यांचा संबंध जोडला जातो. कणसांच्या फेस्तात भाताची पहिली कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. बायबलच्या लेवीय पुस्तकातील प्रथमफळांचा विधी त्यामागे वाचता येतो.

अलीकडचा मोठा मतभेद ‘बिलिव्हर’ म्हणवणाऱ्या गटांशी आहे. त्यांच्या मते केवळ बायबल प्रमाण. संतांची मध्यस्थी आणि मूर्ती त्यांना मान्य नाहीत. कॅथलिक भूमिका अशी की वचन परंपरेसह आणि चर्चच्या शिकवणुकीच्या चौकटीत वाचावे, आणि मूर्तीला दिलेला मान म्हणजे आराधना नव्हे. एकाच घरात दोन्ही मते नांदू लागल्यावर लादाइनीला (घरी म्हटल्या जाणाऱ्या सामूहिक प्रार्थनेला) कोणी बसायचे, मयताच्या विधीला चर्चमध्ये कोणी जायचे, असे प्रश्न उभे राहतात.