मावशीची कढई आणि अर्जुनाची साल

इंदूरच्या रामबागेतल्या मावशीच्या घरी सकाळी चहाच्या आधी गॅसवर अर्जुनाची साल उकळत असते. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. पाणी सगळं आटून दूध उरलं की गाळायचं. आयुर्वेदातला हा क्षीरपाक. एकदा तिला बरं नव्हतं म्हणून काढा मी केला आणि हाताला आली ती लोखंडी कढई घेतली. काढा शाईसारखा काळा! मावशीनं तो मोरीत ओतला आणि मला दिवसभर ऐकवलं.

काळा झाला तो सालीतल्या टॅनिनमुळे. टॅनिन लोखंडाला भेटलं की काळंनिळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून पूर्वी शाई करत, ती अशीच. हेच टॅनिन प्रथिनांनाही घट्ट धरतं. लाळेतली प्रथिनं धरली की जीभ आखडते, त्यालाच आपण तुरट म्हणतो. तोंड आलं, जुलाब लागले, जखम वाहू लागली की ही साल का वापरत, ते यावरून कळतं. दुधात मात्र टॅनिनला प्रथिनं पातेल्यातच भेटतात, त्यामुळे क्षीरपाक पाण्यातल्या काढ्याइतका तुरट लागत नाही. कोरा चहा आणि दुधाचा चहा आठवा.

अर्जुन नदीनाल्याकाठचा. खोड गुळगुळीत, राखाडी. पापुद्रे सुटले की आतून गुलाबीसर. त्याचा भाऊबंद ऐन, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. झाडावर कुणीही ओळखेल, पण पंसाऱ्याच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, पोत्यात तुकडे झाल्यावर सगळी साल सारखीच. चूर्णाचं तर विचारूच नका.

हृदयासाठी अर्जुन आयुर्वेदाचार्य वाग्भटानं सांगितला. आणि गंमत म्हणजे त्याची आधुनिक परीक्षा आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातच झाली. हृदय थकलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या १२ रुग्णांना दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्यांनाच आलटून पालटून बिनऔषधी गोळीही दिली. कोणती कधी, हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. १९९५ साली छापलेल्या निष्कर्षांत सुधारणा स्पष्ट होती. पुढे २००२ मध्ये चालताना छातीत दुखणाऱ्या ५८ पुरुषांवरही गुण दिसला.

पण १२ माणसं म्हणजे किती? एका जिन्यातली बिऱ्हाडं. दिल्लीच्या एम्समधली १२ आठवड्यांची मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद काही वाढलेली दिसली नाही. काहींची हालचाल सुधारली, इतकंच. माझ्या मते सालीत काहीतरी आहे, पण ते हृदयाच्या गोळ्या बंद करण्याइतकं नक्की नाही.

हे सगळं मावशीला सांगितलं. तिनं रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेतली, मग काढ्याचा पेला उचलला आणि म्हणाली, "कढई घासलीस का पण?"