दुसऱ्या महायुद्धाचे स्टार: दिवस भरले नाहीत तरी हक्क बसतो का?

आजोबा महायुद्धात होते, ट्रंकेत एकच मेडल सापडलं, मग बाकीची कुठे गेली असा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. स्टार म्हणजे महायुद्धाच्या ठराविक भागात ड्युटी केल्याबद्दल दिलेली मेडलं. तर आधी हे बघा की नोकरी किती वर्षं झाली यापेक्षा माणूस नेमका कुठे आणि कुठल्या तारखांना होता यावर बहुतेक सगळं ठरतं.

१९३९-४५ स्टारला साधारण ६ महिने ऑपरेशनल सर्व्हिस (लढाईच्या भागातली ड्युटी) लागायची, विमानाच्या क्रूला ६० दिवस. पण बर्मा स्टारचं वेगळंच, ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मधे आर्मीचा माणूस बर्मात ऑपरेशनल ड्युटीवर एक दिवस असला तरी चालतं, त्यामुळे शेवटी शेवटी गेलेल्या जवानाकडे बर्मा स्टार आहे आणि १९३९-४५ नाही असं होऊ शकतं, त्यात गडबड काही नाही. बर्मात पाय न ठेवताही तो मिळायचा, कारण १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ दरम्यानची बंगाल-आसाममधली सर्व्हिस त्यात धरलीय. आफ्रिका स्टारमधे तर माल्टा बेटही येतं! एरिट्रियाही येतं, म्हणून १९४१ साली तिथल्या केरेनला लढलेल्या मराठा पलटणीतल्यांनी हा स्टार नक्की तपासावा.

दिवस कमी पडले तरी दोन वाटा होत्या. ड्युटीमुळे मृत्यू आला किंवा जखमेमुळे, अपंगत्वामुळे सर्व्हिस मधेच तुटली तर मुदतीची अट सुटायची, आणि त्या भागात शौर्यपदक मिळालं किंवा डिस्पॅचमधे (सेनापतीच्या अधिकृत अहवालात) नाव आलं असेल तरी. उलट, मूळ ८ स्टारपैकी एका माणसाला जास्तीत जास्त ५ मिळायचे, आणि पॅसिफिक व बर्मा दोन्हीत बसत असाल तर स्टार एकच, दुसऱ्याऐवजी रिबनवर पट्टी. हा नियम मला तरी कंजूसपणाच वाटतो.

देशातच राहिलेल्यांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल होतं, त्याला ३ वर्षं नॉन-ऑपरेशनल सर्व्हिस हवी.

आता अर्ज. ब्रिटिश फौजेत (ब्रिटिश इंडियन आर्मी नव्हे) असलेल्याचं कधीच न घेतलेलं दुसऱ्या महायुद्धाचं मेडल कायदेशीर वारस ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या मेडल ऑफिसकडे मागू शकतो, पण एकदा दिलेलं हरवलं तर वारसांना दुसरं मिळत नाही. पहिल्या महायुद्धाची तर ते देतच नाहीत. आजोबा ब्रिटिश इंडियन आर्मीत असतील तर लंडनला पत्र पाठवत बसू नका, इथल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. आर्मी नंबर, रँक, पलटण, डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स, मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा, आणि थेट मेडल मागण्याआधी सर्व्हिसची नोंद मागा, म्हणजे कुठल्या स्टारवर हक्क बसतो ते तारखांवरून कळेल. लिहिण्यात अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आर्मी नंबर मिळत नसेल तर पेन्शनचे जुने कागद बघा, तिथे बहुतेक वेळा असतो.