लायनफिशचा काटा आणि स्टोनफिशचा काटा

पाण्यातून वर आलेला डायव्हर हात किंवा पाय घट्ट धरून कण्हत असेल आणि ‘विषारी मासा लागला’ एवढंच सांगत असेल, तर त्याला आधी विचारावं: मासा दिसला होता का? ‘दिसला म्हणजे काय, त्यालाच भाल्यावरून काढत होतो’ असं उत्तर आलं तर तो बहुधा लायनफिश. ‘मासा कुठला, दगडावर पाय ठेवला’ असं म्हणाला तर स्टोनफिशची शंका घ्यायची आणि बोट किनाऱ्याकडे वळवायची.

दोघं एकाच गोतावळ्यातले, विंचूमाशांच्या. दोघांच्या पाठीवर साधारण तेरा विषारी काटे, पोटाखाली आणि शेपटीच्या अलीकडे आणखी काही. दोघांचं विष प्रथिनांचं, आणि काटा घुसताक्षणी होणारी आगही पहिल्या काही मिनिटांत सारखीच वाटू शकते. त्यामुळे लोक त्यांना सर्रास एका खात्यात टाकतात. मला हा घोळ दोन्ही अंगांनी घातक वाटतो. लायनफिशचा काटा लागलेला माणूस ‘आता मरतो’ या भीतीने तीस मीटरवरून सुसाट वर येतो आणि विषाने झालं नसतं ते नुकसान त्या घाईने करून घेतो. उलट, स्टोनफिश लागलेला माणूस ‘गरम पाण्याने उतरेल’ म्हणत बोटीवर बसून राहतो आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात.

आधी लायनफिश, कारण भाला घेऊन उतरणाऱ्यांची गाठ त्याच्याशीच जास्त पडते. लाल-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, पसरलेल्या पंखांचा हा मासा लपत नाही. जवळ गेलात तरी पळत नाही. डोकं खाली करून पाठीचे काटे तुमच्याकडे वळवतो. त्याचे विषारी काटे एकूण अठरा: पाठीवर तेरा, पोटाखाली दोन, गुदपरात (शेपटीच्या अलीकडच्या, खालच्या पंखात) तीन. छातीशेजारचे ते मोठे, झालरीसारखे पंख, ज्यांना सगळे घाबरतात, त्यांत विष नसतं.

मूळचा तो हिंद आणि प्रशांत महासागरांचा, म्हणजे आपल्याही समुद्राचा. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला, मुरुडेश्वरच्या नेत्राणीला किंवा अंदमानात डायव्हिंग केलेल्यांना तो ओळखीचा असतो. पण १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत सापडला. बहुधा कुणीतरी मत्स्यालयातले मासे समुद्रात सोडले होते. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नव्हतं आणि तो ज्यांना खातो त्या लहान माशांना या शिकाऱ्याची ओळख नव्हती. एक मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी घालते. पुढच्या काही दशकांत बहामा, कॅरिबियन आणि मेक्सिकोचं आखात त्याने व्यापलं. त्याचाच भाऊबंद, टेरॉइस माइल्स, सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरला आणि सायप्रस, लेबनॉनच्या किनाऱ्यांवर पसरला. म्हणून तिकडे त्याला मारणं हे पर्यावरणाचं काम मानलं जातं. फ्लोरिडात त्याच्या शिकारीच्या स्पर्धा होतात आणि बहुतेक ठिकाणी किती मारावेत यावर मर्यादा नाही. तिकडचे व्हिडिओ बघून कुणी आपल्याकडे भाला उचलत असेल तर त्याने तो खाली ठेवावा. इथे तो घरचा मासा आहे. त्याला मारून आपल्या प्रवाळांचं काहीही भलं होत नाही.

लायनफिश स्वतःहून अंगावर येऊन सहसा डंख करत नाही. अपघात होतो तो माणसाच्या हाताने, आणि ठरावीक क्षणांना. भाला लागून मासा तडफडत दांड्यावरून मुठीकडे सरकतो तेव्हा. तो भाल्यावरून सोडवून डब्यात ढकलताना. जाळीच्या पिशवीत ठेवला असेल तर पिशवी मांडीला घासते तेव्हा. अनुभवी शिकारी कडक प्लास्टिकचं नळकांडं वापरतात ते यासाठीच. आणि शेवटी बोटीवर, साफ करताना. मेलेल्या माशाचा काटाही तितकाच विषारी असतो, बर्फात ठेवलेल्याचासुद्धा. साधे हातमोजे हा काटा अडवत नाहीत. आधी कात्रीने काटे कापायचे, मगच मासा हातात घ्यायचा. मांस खायला हरकत नसते, कारण विष काट्यांच्या उतींत असतं, मांसात नाही.

स्टोनफिशचं सगळं याच्या उलट. सिनान्सिया व्हेरुकोसा ही प्रवाळांतली जात आणि सिनान्सिया हॉरिडा ही खाड्यांच्या आसपासची. दोन्ही हिंद-प्रशांत पट्ट्यात आढळतात. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानकडे जाणाऱ्यांनी हा मासा ध्यानात ठेवावा. अंगावर गाठी, त्यावर शेवाळ, अर्धं शरीर वाळूत. ओहोटीत पाणी गेलं तरी ओलाव्यात तो बराच वेळ तग धरतो, त्यामुळे उघड्या पडलेल्या खडकांतून चालणाऱ्यालाही धोका असतो. त्याला शोधून कुणी मारत नाही. डायव्हर त्याच्यावर गुडघा टेकतो, प्रवाहात आधारासाठी ‘दगड’ पकडतो, किंवा किनाऱ्यावरून पाण्यात शिरताना पाय ठेवतो. काटे जाड आणि दणकट असतात, पातळ रबरी तळवा भेदून जातात.

किनाऱ्यावर ‘पाय घासत चाला’ असा सल्ला दिला जातो. तो पाकट माशासाठी उत्तम आहे, कारण चाहूल लागली की पाकट निघून जातो. स्टोनफिश जागचा हलत नाही, काटे मात्र उभारतो. त्याच्यासाठी उपाय दोनच: जाड तळव्याचे बूट, आणि पाण्याखाली तळाला न टेकता तरंगत राहण्याची सवय. ही सवय नसलेल्याने प्रवाळात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, प्रवाळासाठीही आणि त्याच्यासाठीही.

इथे तिसऱ्याचा उल्लेख करायलाच हवा. डायव्हिंगहून परतलेले लोक ‘स्टोनफिश’ म्हणून दाखवतात त्या बऱ्याच फोटोंत साधा विंचूमासा असतो. विंचूमाशाचं डोकं माशासारखं दिसतं, डोळे दोन बाजूंना आणि तोंड पुढे. स्टोनफिशचं तोंड वर आकाशाकडे वळलेलं, कोपरे खाली ओढलेले, आणि डोळे इतके बारीक की शोधावे लागतात. विंचूमाशाचा काटाही भयंकर दुखतो. विषाच्या जोरात तो साधारण या दोघांच्या मधला. पाण्याखाली हा फरक करत बसू नये. दोघांनाही हात लावायचा नाही, एवढं पुरे.

विष आत जातं कसं

लायनफिशच्या काट्यावर दोन बाजूंना खोबणी असतात. त्यांत विषाच्या उतींच्या बारीक पट्ट्या, आणि वरून कातडीचं पातळ आवरण. काटा घुसला की आवरण मोज्यासारखं खाली सरकून फाटतं आणि खोबणीतलं विष जखमेत उतरतं. त्याचं प्रमाण थोडंच असतं. स्टोनफिशच्या प्रत्येक पाठकाट्याला विषाच्या दोन फुगीर ग्रंथी असतात. वरून दाब पडला की त्या पिळल्या जातात आणि विष काट्यातून वर चढतं. दाब तुमच्या वजनाचा. म्हणजे जितक्या जोराने पाय पडेल तितकं विष जास्त, आणि सगळ्या शरीराचा भार टाकून ठेवलेलं पाऊल म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती.

त्यामुळेच विषांची जातकुळी जवळची असूनही परिणामांत एवढी दरी पडते. लायनफिशच्या वेदना तास-दीड तासात टिपेला पोचतात आणि बहुतेकांच्या अर्ध्या-एक दिवसात ओसरतात. सूज, मळमळ, घाम, हाताला मुंग्या, क्वचित फोड येतात. धडधाकट माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही; मात्र ज्यांना ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते त्यांचं प्रकरण वेगळं. स्टोनफिशची वेदना पायातून जांघेपर्यंत, हातातून काखेपर्यंत चढते. माणूस शुद्ध हरपेपर्यंत ओरडतो. रक्तदाब घसरू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. २०१० मध्ये जपानच्या ओकिनावात एका डायव्हिंग प्रशिक्षकाचा या माशामुळे मृत्यू झाला. असे मृत्यू दुर्मीळ आहेत, पण धोका काल्पनिक नाही हे त्यातून कळतं.

पाण्याखाली असताना

पहिलं काम श्वास चालू ठेवण्याचं. वेदनेने माणूस दात आवळतो, श्वास रोखतो आणि वर झेपावतो. रोखलेल्या श्वासाने वर येताना हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं, आणि ते कुठल्याही माशापेक्षा लवकर मारतं. जोडीदाराला खूण करायची, भाला आणि शिकार सोडून द्यायची, मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास वेग ठेवून वर यायचं. लायनफिश असेल आणि माणूस भानावर असेल तर पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबाही घ्यावा. स्टोनफिश असेल आणि माणूस गळून जात असेल तर तो ऐच्छिक थांबा सोडून द्यायला हरकत नाही. वेग मात्र तिथेही वाढवायचा नाही. डीकम्प्रेशनचे, म्हणजे शरीरात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून घ्यावेच लागणारे, सक्तीचे थांबे बाकी असतील तर ही निवड फार अवघड होते, आणि म्हणूनच असे थांबे लागतील इतक्या खोल किंवा इतका वेळ भाला घेऊन जाऊ नये.

वर आल्यावर आणखी एक घोळ होतो. हाताला मुंग्या, अशक्तपणा, भोवळ ही लक्षणं विषाची असू शकतात आणि घाईने वर आल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याचीही. काटा हाताला लागला आणि मुंग्या त्याच हातात आहेत, तर विषाकडे बोट जातं. काटा हाताला आणि मुंग्या दोन्ही पायांत, किंवा लघवी अडली, तर बुडबुड्यांचा संशय घ्यायचा आणि ऑक्सिजन सुरू करायचा. शंका असली तरी ऑक्सिजन द्यायचाच. त्याने विषबाधेच्या रुग्णाचं काही बिघडत नाही.

गरम पाणी, आणि त्याची हद्द

पहिला उपचार दोघांना एकच. दिसणारा काटा काढायचा, जखम धुवायची आणि तो अवयव गरम पाण्यात बुडवायचा. पाणी ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्ध्या ते दीड तासापर्यंत. निवलं की बदलायचं. गरम किती हे दुखऱ्या हाताने ठरवायचं नाही, कारण तो बधिर असतो आणि भाजल्याचं कळत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपला हात घालून बघावा. बोटीवर गरम पाण्याचा एक थर्मास असणं हे मी प्रथमोपचाराच्या पेटीइतकंच आवश्यक समजतो. हाच उपाय पाकट आणि शिंगाळ्याच्या काट्यालाही चालतो, त्यामुळे मासेमारीच्या होडीवरही तो उपयोगी आहे. जेलीफिशसाठी सांगतात ते व्हिनेगर इथे कामाचं नाही. जखम चिरू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. सापाच्या दंशाला बांधतात तशी दाबपट्टीही नको. विष एका जागी दाबून ठेवल्याने तिथल्या उतींची हानी वाढते.

लायनफिश असेल तर बऱ्याचदा या गरम पाण्यानेच वेदना इतकी उतरते की पुढे फक्त डॉक्टरला जखम दाखवणं उरतं. स्टोनफिश असेल तर गरम पाणी हे रुग्णालयात पोचेपर्यंतचं काम आहे, वाटेतसुद्धा चालू ठेवायचं. तिथे सुन्न करणारं इंजेक्शन, रक्तदाबावर लक्ष आणि गरज पडल्यास प्रतिविष. हे प्रतिविष ऑस्ट्रेलियात डॉ. सॉल वीनर यांनी घोड्यांच्या रक्तातून तयार केलं आणि १९५९ मध्ये ते वापरात आलं. मात्रा ठरवताना डॉक्टर काट्यांच्या छिद्रांची संख्या मोजतात, म्हणून किती काटे लागले हे बघून ठेवणाऱ्या जोडीदाराची फार मदत होते. प्रयोगशाळेत हे प्रतिविष लायनफिशच्या विषावरही चालतं असं दिसलं आहे, तरी लायनफिशसाठी ते देण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत असतं ते सापाचं प्रतिविष. या दोन्ही माशांवर त्याचा उपयोग नाही, आणि घाबरलेल्या नातेवाइकांनी त्याचा आग्रह धरू नये.

धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांनाही लागतं. काट्याचा किंवा त्याच्या आवरणाचा तुकडा आत राहिला असेल तर जखम वरून भरते आणि आतून चिघळते. आठवडाभराने सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्यावी. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तेवढी वाट बघू नये. समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जिवाणू अशा शरीरात झपाट्याने पसरतात, म्हणून लायनफिशचा साधा काटा लागला असला तरी त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं आणि जखम समुद्रात झाली आहे हे स्वतःहून सांगावं.